क्लच बदलायचाच आहे, तर फ्लायव्हीलचं काय करू? ड्युअल मास ठेवू की सिंगल मास बसवू?

तिसरागिअर
नमस्कार मंडळी.

गाडी दोन लिटर टर्बो पेट्रोल हॅचबॅक, पुढच्या चाकांना ड्राइव्ह, सहा गिअरची मॅन्युअल. मूळ टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) ३५० न्यूटन-मीटर होता, रीमॅपनंतर (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलल्यावर) ४५०. हल्ली पाचव्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की आरपीएमचा काटा झपकन वर जातो आणि गाडीचा वेग आहे तिथेच राहतो. मग जळका वास. क्लच घसरतोय यात शंका नाही.

गिअरबॉक्स उतरवायचाच आहे, त्यामुळे फ्लायव्हीलचा निर्णय आत्ताच घ्यावा लागेल. मूळ फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाची जड चकती, जिच्यावर क्लच बसतो) ड्युअल मास आहे, म्हणजे मध्ये स्प्रिंगा असलेलं दोन भागांचं; सिंगल मास म्हणजे एकसंध. एक मेकॅनिक म्हणतो, "हलका सिंगल मास टाका, गाडी उडेल." दुसरा म्हणतो, "हातही लावू नका." गाडी रोज चालवतो, कधीमधी ट्रॅक डेला नेतो. ज्यांनी हे काम स्वतः केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

काळाधूर
सिंगल मास. डोळे मिटून.

शांतइंजिन
डोळे मिटून ठीक आहे, पण कान पण मिटावे लागतील. :)

चक्रधर
काळाधूर, रोजच्या गाडीला सरसकट सिंगल मास सुचवणं मला पटत नाही. कारण जरा नीट मांडतो.

चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोन पॉवर स्ट्रोक होतात. म्हणजे १५०० आरपीएमला सेकंदाला ५० झटके. क्रँक एकसारखा फिरतच नाही, प्रत्येक झटक्याला किंचित पुढे पळतो आणि किंचित मागे रेंगाळतो. टर्बो इंजिन नेमकं याच कमी आरपीएमला भरपूर टॉर्क देतं, त्यामुळे झटकेही जोरदार. ते गिअरबॉक्सपर्यंत पोचले की लोड नसलेले गिअर एकमेकांवर आपटतात आणि खडखड ऐकू येते.

ड्युअल मासमध्ये फ्लायव्हील दोन भागांत कापलेलं असतं. एक भाग क्रँकला बोल्ट केलेला, दुसऱ्यावर क्लच बसतो, आणि मध्ये ग्रीसमध्ये बुडालेल्या लांब कमानीसारख्या स्प्रिंगा. झटके त्या स्प्रिंगांत जिरतात. शिवाय वजन गिअरबॉक्सच्या बाजूला सरकल्यामुळे रेझोनन्स (ज्या आरपीएमला थरथर फुगत जाते तो पट्टा) आयडलिंगच्या खाली ढकलला जातो. इंजिन चालू-बंद करताना एखादा 'ठक' येतो तो त्या पट्ट्यातून जाताना. १९८५ मध्ये लूकने हा प्रकार मोठ्या उत्पादनात आणला, आणि आज कमी आरपीएमला एवढा टॉर्क देणाऱ्या गाड्या शांत वाटतात त्यात याचा मोठा वाटा आहे.

तो काढलात तर झटके कुठेतरी जाणारच. क्लचप्लेटच्या हबमधल्या छोट्या स्प्रिंगा थोडे घेतील, उरलेले गिअरबॉक्स घेईल.

काळाधूर
चक्रधर, थिअरी मान्य. पण माझ्या ट्रॅकच्या गाडीत सिंगल मास टाकल्यावर हील-अँड-टो (एकाच पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर) करताना इंजिन पायाखाली जिवंत झाल्यासारखं वाटतं. ॲक्सिलरेटरला नुसता स्पर्श केला की आरपीएम वर. खाली गिअर टाकताना गाडीचं मागचं टोक हलत नाही. ते कुठल्या कागदावर दिसत नाही. न्यूट्रलमध्ये खडखड येते, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

रेघोटी
कागदावर दिसतं की. करून दाखवते.

समजा नव्या फ्लायव्हीलने ५ किलो वाचवले आणि ते वजन सरासरी १० सेंमी त्रिज्येवर होतं. जडत्व कमी झालं ५ × ०.१ × ०.१ = ०.०५ किलो-मीटर वर्ग. गाडीच्या वेगवाढीच्या हिशोबात हे जडत्व एकूण गिअर रेशोच्या वर्गाने गुणायचं आणि चाकाच्या त्रिज्येच्या वर्गाने भागायचं.

पहिल्या गिअरमध्ये एकूण रेशो १२, चाकाची त्रिज्या ०.३ मीटर धरली तर १४४ × ०.०५ ÷ ०.०९ = ८० किलो. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये गाडीतून ८० किलो उतरवल्यासारखा फरक. चौथ्या गिअरमध्ये एकूण रेशो ४ धरा, तिथे हाच आकडा येतो जेमतेम ९ किलो.

पहिल्यात जाणवेल, दुसऱ्यात थोडं जाणवेल, त्यापुढे विसरा. काळाधूर म्हणतायत तो न्यूट्रलमधला आणि गिअर बदलतानाचा फरक मात्र खरा आहे, कारण तेव्हा इंजिनाला फक्त स्वतःचंच जडत्व ओढायचं असतं. "गाडी उडेल" हे मात्र वरच्या गिअरमध्ये खरं नाही.

काळाधूर
रेघोटीताई, दंडवत. ९ किलो मान्य. पण तो न्यूट्रलमधला फरक मी सोडणार नाही.

शांतइंजिन
रेघोटी, प्रतिसाद फारच आवडला. वाचनखूण साठवली.

तेलकटहात
माझं कामच हे आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी एक गोष्ट तपासा, क्लच घसरतोय तो झिजून घसरतोय की तेलाने? क्रँकचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गळत असेल तर नवी प्लेटही लवकरच तशीच घसरेल. बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या घराच्या) खालच्या भोकातून बोट फिरवून बघा. कोरडी काळी भुकटी आली तर झीज. ओलसर चिकट आलं तर सील. पातळ आलं आणि क्लचच्या ऑईलची पातळी उतरली असेल तर स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या दाबावर क्लच सोडवणारा).

गिअरबॉक्स खाली आला की या गोष्टी त्याच बैठकीत करायच्या: क्रँकचं मागचं सील, इनपुट शाफ्टचं सील, रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लचला ढकलणारं; तुमच्या गाडीत ते स्लेव्ह सिलिंडरसकट एकत्र असेल तर पूर्ण युनिट), बेअरिंग ज्या नळीवर सरकतं ती गाइड ट्यूब, फोर्क असेल तर त्याचा पिव्होट, आणि क्रँकच्या टोकाला पायलट बेअरिंग असेल तर तेही. यातला एकेक भाग किरकोळ आहे, पण त्यासाठी परत सगळं उतरवणं किरकोळ नाही. याच कारणासाठी भांडलेली गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत. दुसऱ्या गॅरेजात फक्त प्लेट बदलून आलेली गाडी, महिनाभरात रिलीज बेअरिंग ओरडायला लागलेलं.

आता ड्युअल मासची तपासणी. क्लच काढल्यावर बाहेरची डिस्क हाताने डावी-उजवी फिरवा. थोडं मोकळं फिरून मग स्प्रिंग लागते. ते मोकळं फिरणं किती अंश चालतं हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. मग डिस्क आत-बाहेर डुलवून बघा, त्याचीही मिलिमीटरमध्ये मर्यादा दिलेली असते. बेलहाउसिंगच्या भिंतीवर गोल पट्ट्यात ग्रीस उडालेलं दिसलं तर आतलं सील गेलंय, फ्लायव्हील बदला. पृष्ठभागावर निळे डाग आणि केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तरी बदला. साधं एकसंध फ्लायव्हील लेथवर साफ करता येतं, ड्युअल मास सहसा तसं करू नये.

आणि हो, फ्लायव्हीलचे बोल्ट नवे. बहुतेक गाड्यांत ते ताणून बसणारे असतात: आधी ठरावीक टॉर्क, मग ठरावीक अंश. एकदा ताणलेला बोल्ट परत वापरायचा नाही. काही इंजिनांत बोल्टची भोकं थेट क्रँककेसमध्ये उघडतात, तिथे थ्रेड सीलंट लावावं लागतं, नाहीतर तेल आट्यांतून झिरपत प्लेटवर येतं आणि मग सगळे सीलला दोष देत बसतात.

आडवाट
तेलकटहात साहेब, हा प्रतिसाद छापून गॅरेजच्या भिंतीवर लावावा.

अवांतर: रिलीज बेअरिंगचा आवाज आणि सिंगल मासची खडखड यात फरक कसा ओळखायचा?

तेलकटहात
सोपं आहे. गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू. क्लच सोडलेला असताना खडखड आणि दाबल्यावर बंद, तर आवाज गिअरबॉक्सच्या आतला (गिअर रॅटल किंवा इनपुट शाफ्टचं बेअरिंग). दाबल्यावरच घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग.

चक्रधर
तिसरागिअर यांच्या मूळ प्रश्नात अजून एक गोष्ट दडली आहे. फ्लायव्हीलवर एवढं बोललो, पण ४५० न्यूटन-मीटर पेलायचं काम फ्लायव्हील करत नाही, क्लच करतो. इथे गोंधळ होतो. लोक हलकं फ्लायव्हील टाकतात आणि प्रेशरप्लेट (क्लचप्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) मूळचीच ठेवतात.

रेघोटी
बरोबर. हाही हिशोब सरळ आहे. क्लचची टॉर्क पेलायची क्षमता म्हणजे घर्षणाचे पृष्ठभाग × घर्षणांक × दाब × सरासरी त्रिज्या.

एका प्लेटला दोन पृष्ठभाग. उदाहरणादाखल ऑरगॅनिक प्लेटचा घर्षणांक ०.२८, दाब ७००० न्यूटन, त्रिज्या ०.१ मीटर घेऊ. २ × ०.२८ × ७००० × ०.१ = ३९२ न्यूटन-मीटर. मूळ ३५०ला हे पुरतं, ४५०ला अजिबात नाही. तेव्हा या हिशोबाने प्लेट पूर्ण शाबूत असती तरी घसरली असती.

४५०वर वीस टक्के राखीव धरून ५४० हवेत. तीन वाटा आहेत.
दाब वाढवा: साधारण ९६०० न्यूटन. पेडल जड होणार.
घर्षणांक वाढवा: ०.३९च्या आसपास, म्हणजे सिरॅमिक किंवा सिंटर्ड जातीचं अस्तर. गाडी सुटताना झटके देणार.
प्लेटा दोन करा: पृष्ठभाग चार, त्याच दाबात ७८४. पेडल हलकं राहतं, पण भाग जास्त, खर्च जास्त, आणि काही सेटमध्ये मोकळ्या प्लेटांचा किणकिणाट.

काळाधूर
माझ्याकडे सिरॅमिक पक (सलग अस्तराऐवजी ठोकळे) वाली प्लेट आहे. ट्रॅकवर सोनं. ट्रॅफिकमध्ये मात्र ती एकतर पकडते किंवा सोडते, मधलं काही नाही. रोजच्या गाडीला मीही सुचवणार नाही.

शांतइंजिन
अखेर काळाधूर आणि माझं एकमत! आज दिवाळी.

निळीकूपे
मी हे काम मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या सहा सिलिंडर कूपेवर भावासोबत केलं. जॅकवर गाडी, पाठीवर झोपून. ज्यांना स्वतः करायचंय त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी.

प्रॉपेलर शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर रंगाची खूण करा, परत त्याच जागी बसला नाही तर थरथर येऊ शकते. बेलहाउसिंगचे वरचे बोल्ट इंजिनाच्या बाजूने दिसतही नाहीत. गिअरबॉक्सचं शेपूट आधाराने थोडं खाली सोडायचं, मग मागून गिअरबॉक्सच्या डोक्यावरून लांबलचक एक्स्टेंशन आणि वळणारा सॉकेट घालून ते सुटतात. काढलेला प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यावर बेलहाउसिंगचं चित्र काढून त्याच जागी टोचून ठेवला, कारण लांब्या वेगवेगळ्या असतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गिअरबॉक्स बसवताना तो इनपुट शाफ्टवर एक क्षणही लटकू द्यायचा नाही. त्या वजनाने नव्या प्लेटचा हब वाकतो आणि मग क्लच कधीच स्वच्छ सुटत नाही. ट्रान्समिशन जॅकच हवा. आणि शेवटचं अंतर बोल्ट आवळून ओढून घ्यायचं नाही. हाताने सरकत सरकत दोन्ही तोंडं मिळाली पाहिजेत. मिळत नसतील तर प्लेट मध्यभागी नाही, किंवा स्प्लाइन (शाफ्टवरचे दाते) जुळत नाहीत. टॉप गिअर टाकून आउटपुट हलकेच फिरवलं की स्प्लाइन जुळतात.

तेलकटहात
निळीकूपे, शाब्बास, ही हौशी माणसाची भाषा नाही. त्यात एवढीच भर घालतो. प्लेटवर "गिअरबॉक्सची बाजू" असा छाप असतो, तो वाचूनच बसवा. उलटी बसली तर हबच्या स्प्रिंगा फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतात. प्रेशरप्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे. एका बाजूने आवळत गेलात तर कव्हर वाकतं. स्प्लाइनवर ग्रीस इतकं कमी की बोटाने पुसल्यावर नुसती चमक राहावी. जास्तीचं उडून थेट अस्तरावर जातं. नव्या फ्लायव्हीलवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसा, आणि त्यानंतर तिथे बोट लावू नका.

भटक्याचाक
प्रश्न: कास्ट आयर्नचं जुनं फ्लायव्हील लेथवर कोरून हलकं करून घेतलं तर चालेल का? ओळखीच्या लेथवाल्याची तयारी आहे.

चक्रधर
नको. कृपया नको. ७००० आरपीएमला फ्लायव्हीलच्या कडेवर प्रचंड ताण असतो आणि कास्ट आयर्न ताणात कमकुवत असतं. भेग पडून ते फुटलं तर तुकडे बेलहाउसिंग फोडून बाहेर येतात, आणि तिथेच तुमचे पाय असतात. ड्रॅग रेसिंगमध्ये फ्लायव्हील आणि क्लचसाठी एसएफआय १.१ (रेसिंगच्या भागांचं सुरक्षा मानक) सारखी प्रमाणपत्रं मागतात आणि क्लचभोवती संरक्षक कवच लावतात ते याच भीतीने. हलकं हवंच असेल तर घडीव स्टीलचं, त्याच इंजिनासाठी बनवलेलं घ्या.

भटक्याचाक
समजलं. लेथवाल्याला नाही सांगतो. धन्यवाद.

रेघोटी
हलक्या फ्लायव्हीलचा उष्णतेचा हिशोब कुणी मांडला नाही म्हणून लिहिते. १४०० किलोची गाडी जोरात सोडली आणि क्लच १० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ३६ किमीला पूर्ण पकडला, तोवर इंजिनाचा वेग तेवढाच ठेवला असेल तर क्लचमध्ये साधारण गाडीच्या गतिज ऊर्जेइतकीच उष्णता निघते. अर्धा × १४०० × १०० = ७० किलोज्यूल. फ्लायव्हील आणि प्रेशरप्लेट मिळून १० किलो लोखंड धरलं तर एका स्टार्टला सरासरी १५ अंश वाढ. पृष्ठभागाचं तापमान याच्या कितीतरी वर जातं. थंड न होऊ देता दहा स्टार्ट मारले की सरासरीच दीडशे अंशांनी वर.

यातून ५ किलो लोखंड काढलंत तर तीच उष्णता अर्ध्या वजनात मावणार. ट्रॅकवर फिरताना क्लच घसरत नाही, त्यामुळे तिथे अडचण नाही. पण स्टार्ट मारायची आवड असेल किंवा ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर रेंगाळायची सवय असेल तर हलकं फ्लायव्हील तुमच्यासाठी नाही.

आडवाट
हाफ क्लचवरून आठवलं. सिग्नलला क्लच दाबून पहिला गिअर टाकून उभं राहणं वाईट का? प्लेट तर सुटलेलीच असते.

तेलकटहात
प्लेट सुटलेली असते, पण रिलीज बेअरिंग फिरत असतं आणि तुमच्या पायाचा सगळा जोर क्रँकला पुढे ढकलत असतो. तो जोर क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो. जड प्रेशरप्लेट टाकली की हा जोर आणखी वाढतो. दाब वाढवलेला क्लच असलेल्यांनी तर न्यूट्रलला टाकून पाय काढायची सवय लावलीच पाहिजे.

शांतइंजिन
ड्युअल मासबद्दल माझा आग्रह आहे म्हणून सांगतो. लोक म्हणतात ते टिकत नाही. अनेक गाड्यांत ते चालवण्यामुळेच मरतं. सहाव्या गिअरमध्ये १२०० आरपीएमला पाय पूर्ण दाबायचा, आणि त्यात रीमॅपने टॉर्क तिथेच वाढवलेला. स्प्रिंगा पूर्ण दबून एकमेकींवर आपटतात. रीमॅप करणाऱ्याला सांगून कमी आरपीएमचा टॉर्क थोडा हळू चढता करून घ्या. गाडीचा जोर वरच्या टोकाला जसाच्या तसा राहतो, फ्लायव्हील आणि क्लच दोन्हींचं आयुष्य वाढतं.

चक्रधर
शांतइंजिन +१. हा या धाग्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सल्ला आहे. क्लचला अश्वशक्ती कळत नाही, टॉर्क कळतो.

तिसरागिअर
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुठेच एका जागी वाचायला मिळालं नव्हतं.

काल गिअरबॉक्स उतरवला. सील कोरडी. प्लेट रिव्हेटपर्यंत गेलेली. फ्लायव्हीलवर हाताच्या पंजाएवढे निळे डाग, आणि डिस्क फिरवल्यावर मोकळं अंतर मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर. बेलहाउसिंगमध्ये ग्रीसचा पट्टाही दिसला. म्हणजे बदलायलाच हवं.

ठरवलंय: नवं ड्युअल मास, जास्त दाबाची प्रेशरप्लेट, ऑरगॅनिक प्लेट, रिलीज बेअरिंग आणि स्लेव्ह एकत्र, दोन्ही सील, सगळे बोल्ट नवे. रीमॅपमध्ये २००० आरपीएमच्या खालचा टॉर्क कमी करून घेणार.

दोन प्रश्न उरलेत. बेड-इन (नवा क्लच हळूहळू जमवणं) किती करायचं? आणि मेकॅनिक म्हणतो स्लेव्ह बदलल्यावर पेडल एकदोनदा खालीच राहील, "आपोआप येईल". हे खरं का?

काळाधूर
निर्णय योग्य आहे. ट्रॅकसाठी वेगळी गाडी घ्याल तेव्हा सिंगल मासबद्दल बोलू, मी इथेच आहे. :)

बेड-इन साधारण ८०० किलोमीटर, पण किलोमीटरपेक्षा क्लच किती वेळा पकडला ते महत्त्वाचं. हायवेवर सरळ ८०० किलोमीटर मारून उपयोग नाही, कारण तिथे क्लच घसरतच नाही. शहरात चालवा, हलक्या पायाने सुटा, पूर्ण ॲक्सिलरेटर नको, स्टार्ट नकोत. अस्तर आणि लोखंड एकमेकांवर सपाट बसलं की पकड आपोआप वाढलेली जाणवेल.

तेलकटहात
पेडल आपोआप येत नाही. खाली राहतं म्हणजे आत हवा आहे. गिअरबॉक्सच्या आतलं स्लेव्ह कोरडं असताना पेडल जोरजोरात पंप करू नका, पिस्टन अंतराच्या बाहेर जाऊन सील फाटू शकतं, आणि मग गिअरबॉक्स परत खाली. प्रेशर ब्लीडरने कमी दाबावर, ताजं डॉट ४ ब्रेक ऑईल (किंवा तुमच्या टाकीच्या झाकणावर लिहिलं असेल ते) घालून ब्लीड करा, म्हणजे हवा काढा. बुडबुडे बंद झाले की पेडल हाताने अगदी सावकाश दाबा आणि हातानेच वर आणा, असं काही वेळा. मग इंजिन चालू करून रिव्हर्स टाकून बघा. कर्रर्र न होता गिअर पडला तर हवा गेली. पडला नाही तर रस्त्यावर काढू नका, पुन्हा ब्लीड करा.